रक्त गोठू नये म्हणून

आठ वाजत आले की डेल्फिनाची मैत्रीण लेओकादिया खालून बेल दाबायची. एकदाच दाबायची, पण बोट काढायची नाही. डेल्फिना ओठांना लाली लावून, गळ्यात रुमाल बांधून दारातच उभी असायची. "मिनिया, कोट घे गं लवकर. ती बाई बेल जाळून टाकेल." आणि एर्मिनियाला त्या आवाजानंच मळमळायला लागायचं. जिना उतरण्याआधी, तोंडात काही जाण्याआधी.

डोंगरातलं गाव सोडून एर्मिनिया लेओन शहरात बहिणीकडे, डेल्फिनाकडे, राहायला आली होती एप्रिलात. शेवटच्या हिवाळ्यात गावात ती आणि समोरचा म्हातारा सिंफोरिआनो, एवढीच माणसं उरली होती. फेब्रुवारीत तोही गेला. त्याला पुरून झाल्यावर पाद्री हात चोळत गाडीत बसला आणि घाट उतरून गेला. एर्मिनिया चुलीपुढे येऊन बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण मेलो तर ते आधी कुत्र्यांना कळेल. त्याच आठवड्यात डेल्फिनाचा फोन आला. "ये इकडे. माझ्या नवऱ्याची खोली नुसती पडून आहे." ती आली.

डेल्फिनाच्या घरात स्वयंपाकघर होतं, पण संध्याकाळी तिथला दिवासुद्धा लागत नसे. रेल्वेतला नवरा वारल्यापासून तिनं रात्रीचं काही रांधलंच नव्हतं. ओव्हनमध्ये ती हिवाळ्याचे बूट ठेवायची. रात्रीचं जेवण म्हणजे ओल्या पेठेची फेरी. जुन्या चौकामागच्या गल्ल्यांना सगळे ओली पेठच म्हणतात, आणि त्या काही पावसानं ओल्या नसतात. चार बार, चार छोटे ग्लास बिअर, आणि प्रत्येक ग्लासाबरोबर बारवाला पुढे सरकवेल तो घास, तो तापा. मागायचा नाही, निवडायचा नाही, नाकारायचा तर मुळीच नाही.

पहिल्या बारमध्ये बटाटे असत. लसणीच्या लाल रश्शात बुडालेले, तिघींत मिळून एक बशी. लेओकादिया काटा दोन्ही बाजूंनी चाटायची आणि तोच पुन्हा बशीत घालायची. दुसऱ्या बारमध्ये डुकराचा कान. वरून तळलेले तुकडे, आत पांढरी कूर्चा. ती दाताखाली करकरली की एर्मिनियाला वाटे, आपण आपलाच कान चावतोय. एखाद्या तुकड्यावर केस राहिलेला असे. तिसऱ्या बारमध्ये आतड्यांचं कालवण मिळे. ते येईपर्यंत कोमट झालेलं असे आणि चरबीची साय त्यावर सुरकुतलेली. बशी देताना बारवाल्याचा अंगठा कालवणात बुडे, आणि तो अंगठा मग त्याच फडक्याला पुसला जाई ज्यानं काउंटर पुसलेला असे. माणसं उभ्यानं खात. तोंडात घास असताना हसत. हसताना शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारत, आणि कोटावर बोटांचे तेलकट ठसे उठत. तोंड पुसलेला कागदी रुमाल खाली टाकायचा. ऑलिव्हच्या बिया खाली, कोळंबीची डोकी खाली, दातकोरण्या खाली. पायाखाली सगळं भिजून पचपचत असे. घरी आल्यावर एर्मिनिया बुटांचे तळवे सुरीनं खरवडायची.

"केवढी ही घाण," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती.

"घाण?" डेल्फिनानं फरशीकडे कौतुकानं पाहिलं. "दुपारपासून किती माणसं येऊन गेली असतील बघ. लखलखीत फरशीच्या बारमध्ये जातं तरी कोण? मढं ठेवायला?"

"तुझी बहीण गावात नन होती का गं?" लेओकादियानं विचारलं. ती औषधांच्या दुकानात आयुष्य घालवून निवृत्त झालेली बाई. तिच्या तोंडातून कुणी सुटत नसे.

"नन बरी. नन निदान वाईन तरी पिते," डेल्फिना म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

घरी राहिली असती तर एर्मिनिया उपाशी राहिली नसती, पण एकटी राहिली असती. एकटेपणानं तिचं पोट गेल्या हिवाळ्यातच भरलं होतं. तिला हवं होतं ते फार नव्हतं. टेबल, त्यावर काहीतरी गरम, आणि समोर बसलेलं माणूस. जूनमध्ये तिनं एकदा प्रयत्न केला. ओव्हनमधले बूट काढले, मसूर शिजवला, दोन ताटल्या मांडल्या. डेल्फिना कोट घालूनच आत आली, उभ्या उभ्या पातेल्यातला एक चमचा तोंडात घातला, "अगदी आईच्या हातची चव," म्हणाली, आणि बेल वाजल्याबरोबर निघून गेली. एर्मिनिया टेबलाशी बसली. समोरच्या रिकाम्या ताटलीकडे पाहत तिला जेववेना. तिनंही कोट घेतला.

चौथा बार व्हेनान्सिओचा. तिथला तापा म्हणजे मोर्सिया. डुकराचं रक्त, कांदा आणि चरबी. आतड्यातून काढून तव्यावर परतलेला काळा, मऊ लगदा, पावाच्या तुकड्यावर सारवायचा. बाकीच्या तीन ठिकाणी एर्मिनिया श्वास रोखून काहीतरी गिळायची. इथे नाही. "पोट भरलं," ती म्हणायची. "आण इकडे, वाया कशाला," डेल्फिना म्हणायची आणि तिचाही वाटा आपल्या पावावर ओढायची. खाता खाता तिचे दात काळे होत, हिरड्यांच्या कडा काळ्या होत. त्या तोंडानं ती हसायची. एर्मिनिया तेव्हा मान फिरवून दाराकडे पाहत राहायची, कुणाची वाट पाहत असल्यासारखी.

त्यांच्या खोऱ्यात नोव्हेंबरात डुकरं मारत. बाकावर आडवं पाडलेलं जनावर चार पुरुष धरून ठेवत, खाटीक गळ्यात सुरी घालत असे, आणि खाली गुडघ्यांवर बसून एक बाई पातेलं धरत असे. रक्ताची धार सुरू झाली की तिनं हात घालून ढवळायला लागायचं. ते निवेपर्यंत थांबायचं नाही. थांबलं की रक्त गोठलं, आणि गोठलं की घरची वर्षाची मोर्सिया गेली. पळीनं भागत नाही. रक्तात दोरे धरतात, ते बोटांनाच कळतात. बोटांना गुंडाळतात, ते ओढून काढून फेकायचे आणि पुन्हा हात घालायचा. तोवर वर जनावर ओरडतच असतं, आणि प्रत्येक ओरडण्यासरशी मनगटावर नवी गरम धार पडते.

आईचे सांधे धरले तेव्हा ते काम मुलींवर आलं. थोरली डेल्फिना. पण पाळी आलेल्या बाईनं मारलेल्या डुकराला शिवायचं नाही, मांस नासतं, हा तिथला रिवाज. आणि डेल्फिनाची पाळी दरवर्षी नेमकी त्याच दिवशी यायची. आदल्या संध्याकाळीच ती पोट धरून बसायची. आई तिच्याकडे बघायची आणि पातेलं एर्मिनियाच्या हातात द्यायची. एर्मिनियाला तेव्हा पाळी सुरूही झाली नव्हती. पुढे तिच्यावर खरोखर तशी वेळ आली त्या वर्षीही ती गप्प राहिली. एका घरातल्या दोन्ही मुली पोट धरून बसल्या असत्या तर कुणी विश्वास ठेवला नसता. तिनं हात घातला. मांस नासलं नाही. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही.

डेल्फिना लग्न करून रुळांच्या कडेनं निघून गेली. एर्मिनिया राहिली. आधी आईबाप होते म्हणून, मग गाय होती म्हणून, मग सवय झाली म्हणून. थंडी पडली की वरच्या खालच्या गावांतून तिला बोलावणी येत. हिचा हात गार आहे, हिच्या हातात रक्त गोठत नाही, असं लोक म्हणत. कौतुकानंच म्हणत. अबुंदिओ नावाचा एक सुतार होता, सालस. नाताळच्या नाचात त्यानं तिला बोलावलं, पण नाचताना हात धरायचा तिथे मनगट धरलं, बाहीवरून. पुढच्या वर्षी त्यानं बोलावलं नाही. एप्रिलात घाट उतरताना बसमध्ये तिनं उजवा हात मांडीवर उलटा ठेवून पाहिला होता आणि मनाशी म्हटलं होतं, संपलं.

नोव्हेंबर लागला. एका संध्याकाळी व्हेनान्सिओनं बशी पुढे केली आणि डेल्फिनानं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं.

"हे काय रे? रबर?"

"बोंबलू नका राणीसाहेब, गिऱ्हाइकं ऐकतायत." व्हेनान्सिओ काउंटरवर वाकला. तळणीची वाफ बसून बसून त्याच्या भुवया कायमच्या चिकट झालेल्या. "कारखान्यातली आहे. आत्या गेली ना ऑगस्टात. आता रक्त ढवळायला बाई कुठून आणू? शनिवारी चुलतभाऊ गावाकडे डुक्कर मारतोय. रक्त ओतून द्यायची पाळी आलीय. आजकालच्या पोरी येतात, फोटो काढतात आणि ओकतात."

"बाई कुठून आणू म्हणे!" डेल्फिनाचा आवाज चढला. शेजारच्या माना वळल्या. तिला माना वळलेल्या आवडायच्या. "ही काय उभी आहे तुझ्यासमोर! माझी सख्खी बहीण. आख्ख्या खोऱ्यात हिच्यासारखा हात नव्हता. लांबून लांबून माणसं गाढव घेऊन न्यायला यायची हिला. घे, दिली तुला! शनिवारी येईल."

तिनं ग्लास उंच केला. लेओकादियानं केला, मागच्या दोन अनोळखी पुरुषांनीही केला. व्हेनान्सिओनं एर्मिनियाचा हात काउंटरवरून उचलून त्याचं चुंबन घेतलं. त्याचे ओठ ओले होते.

एर्मिनियानं हात ओढून घेतला आणि कोटाच्या अस्तराला पुसला. समोर डेल्फिना हसत होती. दातांच्या फटीत काळं अडकलं होतं. ग्लास उंचावून दिलेला शब्द सगळ्या बारनं ऐकला होता. तो मोडला तर उद्यापासून या गल्लीत त्या दोघींना तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि पाळला तर पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा शनिवार, मरेपर्यंत.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "डेल्फिना येईल."

"मी?"

"मी शेजारी उभी राहून सांगेन कसं करायचं ते."

"अगं, मला कुठे येतं ते! व्हेनान्सिओ, मला कधी जमलंच नाही रे. दर वेळी माझं काहीतरी..."

"दर वेळी तुला पाळी यायची," एर्मिनिया म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, पण तिथे ऐकू गेला. "आता कुठली यायला? साठी उलटली की."

सगळा काउंटर हसून फुटला. लेओकादियाच्या नाकातून बिअर आली. ती तिनं बाहीला पुसली आणि पुन्हा हसायला लागली. "शनिवारी पोट दुखलं तर पाद्र्याला कळवू, डेल्फिना! चमत्कार झाला म्हणू! वेदी बांधू तुझ्या नावाची!"

डेल्फिनाचा चेहरा लालीच्या आत पांढरा पडला. पण बारमध्ये उभं राहून रडणाऱ्यांतली ती नव्हे. "येईन की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं. हातच घालायचा ना?"

घरी जाताना ती दोन पावलं पुढे चालत होती. जिन्यात थांबली. "चारचौघांत, मिनिया?"

"तूही मला चारचौघांतच देऊन टाकलंस."

शनिवारी दहिवर पडलं होतं. व्हेनान्सिओच्या गाडीत मागे कांद्यांची पोती होती आणि त्यांचा वास काचांवर साचला होता. व्हेनान्सिओ रस्ताभर शीळ घालत होता. अंगणात चुलतभाऊ सातुर्निनो, रबरी बूट घालून, तोंडात विझलेली सिगारेट. हल्ली डुकराला आधी बधिर करतात. ते ओरडत नाही, पाय तेवढे हलत राहतात. एर्मिनियाला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"अंगठी काढ," ती बहिणीला म्हणाली. अंगठी निघेना. साबण लावून काढली. "बाही वर. आणखी वर. कोपरापर्यंत. गुडघे टेक."

"थंड आहे जमीन."

"टेक."

सुरी आत गेली. धार आधी बाहेर उडाली, मग घमेल्यात पडू लागली, आणि वाफ आली. तो वास आला. डेल्फिनानं डोळे मिटून हात घातला आणि लगेच अर्धा वर काढला. "गरम आहे गं. जिवंत आहे हे."

"फिरव."

"काहीतरी धरतंय मला. बोटांना. मिनिया, आत काहीतरी आहे!"

"दोरे आहेत. काढून टाक आणि फिरव."

डेल्फिनानं हात बाहेर काढला. बोटांवर लाल जाळं लोंबत होतं. ती त्याकडे पाहत राहिली आणि तिचे खांदे उचकी लागल्यासारखे हलू लागले. घमेल्यातली लाट मंद झाली. कडेनं साय धरायला लागली.

"गोठतंय!" सातुर्निनो ओरडला. "अहो बाई, कुणीतरी घाला हात! गोठतंय!"

सगळ्यांचे डोळे एर्मिनियाकडे गेले. तिचा उजवा हात तिला न विचारता घमेल्यावर गेला होता. बाहीही वर झाली होती. कधी केली, तिला कळलं नाही. बोटं वाफेत ओली झाली. मग तो हात खाली न जाता वळला. तिनं बहिणीचं मनगट पकडलं, घट्ट, आणि तो हात परत रक्तात खुपसला.

आणि फिरवला. पळी फिरवावी तसा. डेल्फिना ओढत होती, एर्मिनियाच्या हातात गाईचं दूध काढलेलं, लाकडं फोडलेलं बळ होतं. गोल, गोल, खालून वर. डेल्फिनानं बोटं मिटली की एर्मिनिया ती पिरगाळून उघडायची. दोरे धरले की तोच हात वर काढून झटकायची आणि पुन्हा बुडवायची. डेल्फिना रडत होती. नाकाचं पाणी ओठांवर आलं होतं. "सोड. मिनिया, सोड ना गं." सातुर्निनोनं सिगारेट तोंडातून काढली.

एर्मिनियानं सोडलं नाही. रक्त निवेपर्यंत सोडलं नाही. एकदाही थेंब तिच्या बोटांवर आला नाही. आणि त्या वेळात केव्हातरी तिला बरं वाटलं. छातीत ऊब पसरावी तसं, पहिल्या बिअरनंतर त्या बायकांना वाटत असावं तसं. त्या सुखाची तिला जी किळस आली तशी कानाची, आतड्यांची, कशाचीच आली नव्हती.

"झालं," ती म्हणाली आणि हात सोडला. मनगटावर तिच्या बोटांच्या चार पांढऱ्या खुणा होत्या, मग त्या लाल झाल्या.

व्हेनान्सिओ खूश होता. "वा राणीसाहेब! मग पुढच्या शनिवारी?" डेल्फिना गोठ्यामागे ओकत होती.

घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली ती संध्याकाळपर्यंत. फरशी पुसायच्या औषधाचा वास दाराखालून येत होता. एर्मिनियानं स्वयंपाकघरातला दिवा लावला. लसूण ठेचली, शिळा पाव कापला, पाणी ठेवलं. लाल तिखटाचा डबा हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि तसाच परत ठेवला. सूप पांढरंच राहू दिलं. आठ वाजता बेल वाजली. डेल्फिना बाहेर आली नाही. एर्मिनियानंच खालच्या दाराशी बोलायचा भिंतीवरचा फोन उचलला.

"आज नाही."

"का? मेली का?" लेओकादियानं खालून विचारलं. "सगळे वाट बघतायत तिची! व्हेनान्सिओ तिच्या नावानं ग्लास भरतोय!"

"जेवतेय ती," एर्मिनियानं सांगितलं आणि फोन ठेवला.

डेल्फिना आली. कोट नव्हता, लाली नव्हती. उजवा हात कोपरापर्यंत घासून लालभडक झालेला. तो तिनं मांडीवर, टेबलाखाली ठेवला आणि डाव्या हातानं चमचा धरला. एर्मिनिया समोर बसली. टेबल, त्यावर गरम काहीतरी, समोर माणूस. डेल्फिना सूप ओढताना आवाज करत होती. लहानपणीही करायची. डाव्या हातानं खाताना सूप हनुवटीवर ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तोंड उघडं ठेवून चावत होती. आत भिजलेल्या पावाचा लगदा दिसत होता. एर्मिनियाला मान फिरवावीशी वाटली. इथे दार पाठीमागे होतं.

"दरवर्षी?" डेल्फिनानं विचारलं.

"दरवर्षी."

"तुला कधी... म्हणजे तुझी वेळ आलेली असताना पण?"

"हो."

"मग नासलं नाही?"

"नाही."

डेल्फिनानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग आणखी पाव घ्यायला गेली. डाव्या हातानं तो तुटेना, बोटं त्यावरून घसरत राहिली. उजवा हात तिनं वर काढलाच नाही. एर्मिनियानं पाव ओढून घेतला, उजव्या हातानं तुकडे केले आणि बहिणीच्या सूपमध्ये टाकले. डेल्फिनानं ते तुकडे पाहिले. मग ते टाकणारी बोटं पाहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते एर्मिनियाला अनोळखी नव्हतं. एप्रिलपासून रोज चार बारमध्ये तेच तिच्या स्वतःच्या तोंडावर असायचं.

डेल्फिनानं चमचा बुडवला आणि खाल्लं.